नुसत्या फेऱ्या मारून काय होणार
एका लेखात साठीनंतर रोज दहा हजार पावलं चाला म्हटलंय, चाला की, पण हा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमधे पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं तिथून तो आलाय. आमच्या ठाण्यात उपवनला सकाळी बघा, काका लोक तलावाकाठी मस्त फेऱ्या मारतात (नंतर वडापाव असतोच) पण बाकावरून उठताना हात टेकतात. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्याला थोडं वजन उचलणं आणि प्रोटीन लागतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम, ते वाटीभर पातळ वरणातून कुठून येणार? किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरला विचारा.