होतकरू चर्चिल-चरित्रकारास

चर्चिलचं चरित्र लिहायचं मनात आलंय? मग लिहाच. बाजारात आधीच शेकड्यांनी आहेत असं सांगून कुणी अडवलं, तर त्याला म्हणावं, रामायणंही शेकड्यांनी आहेत. तिथेही शेवट सगळ्यांना ठाऊक असतो आणि तरी मंडप भरतो. शिवाय होतकरू लेखकाला यापेक्षा सोयीचा विषय मिळणार नाही, कारण निम्मं काम नायकानेच करून ठेवलं आहे.

चरित्रलेखन हा त्या घराण्याचा पिढीजात उद्योग. पूर्वज ड्यूक ऑफ मार्लबरोचं चरित्र विन्स्टनने चार खंडांत लिहिलं, वडील लॉर्ड रँडॉल्फ यांचं दोन खंडांत लिहिलं, मग दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सहा खंडांत लिहिला. त्याचा नायक कोण, हे वेगळं सांगायला नको. १९५३ साली साहित्याचं नोबेल मिळालं. तो हयात असतानाच अधिकृत चरित्राला मुलगा रँडॉल्फ बसला. दोन खंड होऊन तोही गेला, आणि मार्टिन गिल्बर्ट यांनी १९८८ पर्यंत खपून आठ खंड पुरे केले. कागदपत्रांचे खंड वेगळेच. जानेवारी १९४८ मध्ये चर्चिल पार्लमेंटात म्हणाला होता, की भूतकाळ इतिहासावर सोपवणं सगळ्याच पक्षांना बरं पडेल, विशेषतः तो इतिहास मी स्वतः लिहिणार असल्यामुळे. लोक हे वाक्य विनोद म्हणून सांगतात. तुम्ही ते कामाची सूचना म्हणून वाचा.

तेव्हा बालकांड. पोरगा अभ्यासात ढ होता, हे पहिल्या दहा पानांत सांगून मोकळे व्हा. हॅरो या बड्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत लॅटिनच्या पेपरावर स्वतःचं नाव, प्रश्नाचा क्रमांक आणि शाईचे डाग, एवढंच. पुढे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात तिसऱ्या खेपेस प्रवेश. मराठी वाचक इथे विरघळतो. त्याला घरातला दहावीचा उमेदवार दिसू लागतो. हा उमेदवार ड्यूकचा नातू होता, ब्लेनमच्या राजवाड्यात जन्मला होता, वडील अर्थमंत्री होऊन गेले होते, आणि याच ढ मुलाने हॅरोत मेकॉलेच्या कवितेच्या बाराशे ओळी बिनचूक म्हणून बक्षीस मारलं होतं, हे सगळं सांगायला हरकत नाही. फक्त आजूबाजूला ‘संघर्ष’ हा शब्द पेरत चला. शाईच्या डागांची गोष्ट आपल्यापर्यंत आली कुठून? त्याच्याच १९३० सालच्या आत्मचरित्रातून. चरित्रकाराला एवढा पुरावा पुरतो.

हॅरोचा आणखी एक किस्सा घ्याच. पोहण्याच्या तलावाच्या काठावर एक लहान चणीचा मुलगा उभा होता. चर्चिलने त्याला मागून पाण्यात ढकललं आणि मग कळलं, की हा तर वरच्या वर्गातला. त्याचं नाव लिओ एमरी. किस्सा निरुपद्रवी आहे, पण या एमरीवर डोळा ठेवा. पुढे तो फार त्रास देणार आहे.

मग भारत. १८९६ साली लेफ्टनंट चर्चिल मुंबईला ससून डॉकवर उतरला. होडी लाटांवर खालीवर होत होती. भिंतीतली लोखंडी कडी त्याने धरली, होडी खाली गेली आणि खांदा उखळला. या खांद्याचं सोनं करा. खांदा अधू, म्हणून १८९८ साली सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत त्याने तलवारीऐवजी पिस्तूल वापरलं. पिस्तूल होतं म्हणून जीव वाचला. जीव वाचला म्हणून १९४० साली युरोप वाचला. अशा रीतीने हिटलरच्या पराभवाचं श्रेय ससून डॉकच्या कडीपर्यंत आणता येतं. मुंबईकर वाचक पुस्तक विकत घेईल. त्यानंतर थोडे दिवस पुण्याचा तळ, मग बंगळुरू: पोलो, गुलाबाची बाग, फुलपाखरांचा संग्रह, दुपारच्या उन्हात गिबनचं वाचन. भारतीय माणसं या प्रकरणात बटलर, सईस अशा हुद्द्यांनी येतात. तेवढं पुरे.

पहिल्या महायुद्धातली गॅलिपोलीची फसलेली मोहीम एका दमात उरका. योजना भव्य होती, अंमलबजावणी इतरांनी बिघडवली, नायक विरक्त होऊन फ्रान्सच्या खंदकात गेला. १९२५ साली अर्थमंत्री म्हणून त्याने पौंड पुन्हा सोन्याला बांधला, त्या प्रकरणावर वाचक पान उलटतो. त्याच्या आधी तुम्हीच उलटा.

आता आपण अरण्यकांडाशी आलो, आणि इथे हात जपून चालवावा लागतो. रीत अशी आहे: १९३० च्या दशकात सगळं इंग्लंड झोपलेलं, आणि एकटा चर्चिल हिटलर येतोय म्हणून ओरडतोय, म्हणून त्याला वनवास. कथा सुंदर आहे. अडचण तारखांची. आपल्याच हुजूर पक्षाचा नेता बाल्डविन याच्या कंपूतून तो बाहेर पडला जानेवारी १९३१ मध्ये, आणि हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. मग दोन वर्षं आधी वनवास कशाला? हिंदुस्थानला थोडं स्वराज्य देण्याचं घाटत होतं म्हणून. या वनवासाची कैकेयी आपण होतो. १९३१ च्याच फेब्रुवारीत त्याने गांधीजींना ‘मिडल टेंपलचा राजद्रोही वकील’ म्हटलं, अर्धनग्न फकिराचं सोंग घेऊन तो व्हाइसरॉयच्या राजवाड्याच्या पायऱ्या चढतोय म्हटलं. गांधीजी खरं तर इनर टेंपल या लंडनच्या दुसऱ्या वकिली संस्थेचे, पण रागाच्या भरात पत्ता चुकतो. पुढची चार वर्षं तो भारताच्या घटनेविरुद्ध साम्राज्यावर प्रलय येतोय अशा सुरात बोलत राहिला. मग त्याच सुरात हिटलरबद्दल बोलू लागला, तेव्हा लोकांना वाटलं, हे याचं नेहमीचंच. त्याचं खरं ठरलेलं भाकीत कुणी का ऐकलं नाही, याचं उत्तर त्याच्या खोट्या ठरलेल्या भाकितात आहे. हे अर्थात लिहायचं नाही. हिटलर दोन वर्षं अलीकडे आणला, की काम भागतं.

युद्धकांड मात्र झोकात येऊ द्या. सुरुवात नॉर्वेपासून. एप्रिल १९४० मधली नॉर्वेची मोहीम फसली. आरमारमंत्री चर्चिल, मोहिमेत सर्वांत उत्साही चर्चिल, आणि पंतप्रधानपद गेलं चेंबरलेनचं. हा भाग एका वाक्यात संपवा. ७ मे रोजी सभागृहात उठून चेंबरलेनला क्रॉमवेलच्या शब्दांत ‘देवाच्या नावाने सांगतो, चालते व्हा’ असं ऐकवणारा कोण होता, आठवतं? तलावात पडलेला एमरी. त्याला इथे भरपूर जागा द्या. द्रष्टा म्हणा, सत्यवचनी म्हणा. कारण तो आपल्या बाजूने बोलतोय.

मेच्या शेवटच्या आठवड्यापुरता मी उपरोध खिशात घालतो. फ्रान्स कोसळत होता, सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलं होतं, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स मुसोलिनीमार्फत तडजोडीची चाचपणी करू म्हणत होता, आणि ते म्हणणं वेडगळ नव्हतं. चर्चिल नाही म्हणाला आणि नाहीवर टिकला. तिथे तो खरोखर मोठा आहे. त्या तीन-चार दिवसांचं माप कुणी लहान करू नये. फक्त पाच जणांच्या त्या युद्धमंत्रिमंडळात ॲटली आणि ग्रीनवुड हे मजूर पक्षाचे दोघे पहिल्यापासून त्याच्या बाजूला होते, ही गोष्ट तुमच्या पुस्तकात तळटिपेत गेली तरी चालेल. नायक एकटा उभा असला की चांगला दिसतो. ४ जूनचं ‘किनाऱ्यांवर लढू’ हे भाषणही सारं राष्ट्र रेडिओला कान लावून ऐकतंय असंच रंगवा. ते भाषण पार्लमेंटात झालं, रेडिओवर निवेदकाने उतारे वाचले आणि चर्चिलच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका १९४९ सालची आहे, हे सांगून कुणाचं भलं होणार?

यानंतर येतं १९४३. इथे बरेच होतकरू चरित्रकार घसरतात, म्हणून नीट ऐका.

फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण मांडलं. चर्चिल व्हाइसरॉय लिनलिथगोला तारेने विचारत होता, की हे पाण्यातून ग्लुकोज घेतात म्हणे, शोध घ्या. पुढच्या वर्षी नवा व्हाइसरॉय वेव्हेल याला तार आली: गांधी अजून मेले कसे नाहीत? हे किस्से ‘मिश्कील स्वभाव’ या प्रकरणात, सिगार आणि ब्रँडीच्या शेजारी टाका.

बंगालचा दुष्काळ तसा टाकता येत नाही. मृत्यूंचा अंदाज तीस लाखांच्या घरात जातो. नायकाने स्वतः सहा खंडांत त्याला जवळपास जागाच दिली नाही, पण आता वाचक विचारतात. म्हणून आधी जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्याने तिथला तांदूळ बंद झाला हे सांगा, ऑक्टोबर १९४२ चं मिदनापूरचं वादळ सांगा. दोन्ही खरं आहे. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनारी बंगालमधले तांदळाचे साठे आणि होड्या सरकारनेच काढून घेतल्या, हे सांगताना कर्मणी प्रयोग वापरा: ‘होड्या हलवण्यात आल्या.’ मराठीत कर्मणी प्रयोग अशा वेळी फार उपयोगी पडतो. मग मोठ्या टायपात एप्रिल १९४४ चं पत्र छापा, ज्यात चर्चिलने रूझवेल्टकडे धान्यासाठी जहाजं मागितली आणि रूझवेल्टने नकार दिला. तारखेकडे वाचकाचं लक्ष जाऊ देऊ नका.

आणि शेवटी ते तयार वाक्य: ‘तो त्याच्या काळाचा माणूस होता.’ याने सगळं भागतं. भागलं असतं, जर एमरी नसता. एमरी आता भारतमंत्री आहे. चर्चिलपेक्षा वर्षभराने मोठा, जन्म गोरखपूरचा, शाळा तीच, पक्ष तोच, साम्राज्यावर भक्तीही तीच. म्हणजे काळ अगदी तोच. आणि हा माणूस धान्यासाठी जहाजं मागतो आहे, आणि रात्री डायरीत लिहितो आहे, की हिंदी लोक सशांसारखे वितात आणि युद्धात काही न करण्याबद्दल आपण त्यांना रोज दहा लाख देतो, असं पंतप्रधान म्हणाले. ऑगस्ट १९४४ मध्ये तर त्याने चर्चिलला तोंडावर सांगितलं, की तुमच्या दृष्टीत आणि हिटलरच्या दृष्टीत मला फारसा फरक दिसत नाही. १९४० चा द्रष्टा साक्षीदार तो हाच. तेव्हा १९४३ उजाडण्यापूर्वी त्याला पुस्तकातून गुपचूप निवृत्त करा. वेव्हेललाही. तो सैनिक होता, तोही त्याच काळाचा होता, आणि तोही धान्य मागत होता.

‘काही न करणाऱ्या’ हिंदी सैन्याची संख्या तोवर पंचवीस लाखांकडे चालली होती. युरोपच्या ‘मऊ पोटा’त इटलीमार्गे घुसायचं, ही चर्चिलची लाडकी कल्पना. ते पोट मऊ नव्हतं. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे तिथे जुलै १९४४ मध्ये पडले, एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. तुमच्या पुस्तकात इटलीचा नकाशा घाला आणि त्यावर जाड बाण काढा. बाणाला गाव नसतं.

हे सारं जमत नसेल, तर खलनायक-चरित्राचा मार्ग मोकळा आहे, आणि आपल्याकडे तो जास्त खपतो. तिथे कष्ट आणखी कमी. जपान आणि वादळ गाळा, रूझवेल्टचं पत्र गाळा. १९१९ च्या टिपणातलं ‘असंस्कृत टोळ्यांवर विषारी वायू’ हे वाक्य घ्या, आणि त्याच टिपणात तो अश्रुवायूबद्दल बोलतोय, प्राणघातक वायूच वापरला पाहिजे असं नाही म्हणतोय, तिथे कात्री लावा. मे १९४० ला एक परिच्छेद द्या. आणि मलपृष्ठावर ते घराघरांत फिरणारं भाकीत छापा, की स्वातंत्र्यानंतर भारताची सत्ता गुंड-लुटारूंच्या हाती जाईल, हवापाण्यावरही कर लागेल. तो असं बोलल्याची नोंद त्याच्या कुठल्याच भाषणात सापडत नाही. गंमत अशी, की त्याला शिव्या घालणारे आणि त्याच्या या न बोललेल्या वाक्यावर ‘किती खरं!’ म्हणून मान डोलावणारे पुष्कळदा एकच असतात.

१९४५ च्या निवडणुकीत ३९३ जागा मजूर पक्षाला गेल्या, तिथे ‘कृतघ्न जनता’ एवढे दोन शब्द लिहा. ॲटलीने पाच वर्षं घर सांभाळलं होतं आणि लोकांना घरच हवं होतं, यात पडू नका. मुखपृष्ठावर कार्शने १९४१ साली ओटावात काढलेला तो उग्र चेहरा. हिटलरला आव्हान देणारी नजर असा मथळा शोभेल. प्रत्यक्षात छायाचित्रकाराने क्षणापूर्वी तोंडातून सिगार काढून घेतला होता आणि ती नजर त्याच्यासाठी होती.

उपसंहारासाठी बंगळुरूची वही राखून ठेवा. तिथल्या क्लबच्या जुन्या हिशोबात वसूल न होणाऱ्या येण्यांत लेफ्टनंट चर्चिलच्या नावावर १३ रुपये आहेत. वाचकाला हे फार आवडतं. साम्राज्याच्या रक्षकाची उधारी आपल्याकडे राहिली म्हणून तो खूश होतो. युद्ध संपताना ब्रिटन भारताचं देणं लागत होतं सुमारे १३० कोटी पौंड, आणि ते वाढताना पाहून चर्चिल मंत्रिमंडळात संतापायचा, की तुमचं रक्षण केल्याचं बिल आम्हीच उलट लावू. हा आकडा उपसंहारात आणू नका. तेरा रुपये तोंडात बसतात, आणि त्यांच्यावर त्याने उलट बिलही लावलेलं नाही.