मणि कौल यांच्यावरचे चार आरोप

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. त्याचा मथितार्थ असा: दिग्दर्शक मणि कौल आयुष्यभर सरकारी अनुदानावर सिनेमे काढत राहिले, शैली फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँकडून उचलली, गोष्ट सांगता येत नव्हती म्हणून संथपणालाच कला म्हटलं आणि ते सिनेमे कोणी पाहिलेच नाहीत, त्यांच्या ‘दुविधा’तली गोष्ट लोकांना कळली ती त्याच कथेवरचा ‘पहेली’ आल्यावरच. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तो लवकर मरत नाही.

आधी पैशाचं. १९६० मध्ये निघालेलं सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन कर्ज देत असे, अनुदान नव्हे. बरीच कर्जं वसूल झाली नाहीत आणि १९७६ मध्ये संसदीय समितीने त्यावरून महामंडळाला धारेवर धरलं, हे मान्य. पण मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ही याच दारातून पैसे घेऊन निघाला आणि तो चालला. कौल यांचा ‘उसकी रोटी’ या कर्जावर झाला. ‘दुविधा’ (१९७३) मात्र चित्रकार अकबर पदमसी यांच्या मदतीने उभा राहिला. त्यातली नवी नवरी म्हणजे पदमसींचीच मुलगी रईसा. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) एफटीआयआय या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून केला. पटकथा तेंडुलकरांची, नटमंडळी पुण्याच्या थिएटर अकादमीची. ‘सिद्धेश्वरी’ फिल्म्स डिव्हिजनचा, म्हणजे सरकारीच. पण बनारसच्या ठुमरी गायिकेवरचा सिनेमा फिल्म्स डिव्हिजनने नाही काढायचा, तर काय साबणाच्या कंपनीने?

ब्रेसाँचा प्रभाव कौल यांनी कधी लपवला नाही. मात्र ‘उसकी रोटी’बद्दल बोलताना ते अमृता शेरगिलच्या चित्रांचंही नाव घेत. पुण्यात त्यांचे गुरू होते बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक, ज्यांचा भावनांनी ओसंडणारा सिनेमा ब्रेसाँच्या अगदी दुसऱ्या टोकाला. नक्कलच करायची तर माणूस निदान एकाची करतो.

आता संथपणा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ‘उसकी रोटी’ पहिल्यांदा पाहताना मीही पेंगलो होतो. मोहन राकेश यांच्या कथेतली बालो बसड्रायव्हर नवऱ्याची रोटी घेऊन रस्त्यावर उभी असते, एवढंच. पण के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्यावर मुख्यतः दोनच भिंगं होती, २८ मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर. एक प्रत्यक्ष वाट पाहण्यासाठी, दुसरं तिच्या मनात चाललेल्या गोष्टींसाठी. पुढे कौल यांनी ही वाटणी स्वतःच उलटवली. खरं काय आणि मनातलं काय, याचा आपला अंदाज चुकतो तो त्यामुळे. तंत्र न जमणाऱ्या माणसाला हे सुचत नाही.

आणि हा संथपणा आला कुठून? कौल झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले. पनवेलजवळ पळस्प्याला ज्यांचं गुरुकुल होतं, तेच हे उस्ताद. कौल यांच्या ‘ध्रुपद’ (१९८२) या माहितीपटात ते आहेत. ध्रुपदाच्या आलापात एकेका स्वराजवळ किती वेळ थांबतात हे ज्याने ऐकलंय, त्याला बालोचं उभं राहणं परकं वाटू नये. आलाप संपून पखवाज कधी सुरू होतो म्हणून घड्याळ पाहणाऱ्यालाही कंटाळण्याचा हक्क आहेच. पण त्याने गवयाला गाता येत नाही, असं म्हणू नये.

कोणी पाहिलं नाही, हे बऱ्याच अंशी खरं. ‘उसकी रोटी’ला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, नेहमीची थिएटरं मिळाली नाहीत. लागलाच नाही, तो पडला कसा म्हणायचा?

राहिली ‘पहेली’. २००५ चा हा सिनेमा आपल्या अमोल पालेकरांचा. देखणा आहे, मला आवडतो. पण त्यात नवऱ्याचं रूप घेऊन नवरीबरोबर राहिलेलं भूत शेवटी नवऱ्याच्या शरीरात शिरतं आणि नवरीचं सगळं गोड होतं. दोन्ही सिनेमे ज्यावर बेतले त्या राजस्थानी लेखक विजयदान देथांच्या कथेत भूत चामड्याच्या पिशवीत कोंडलं जातं आणि ती खऱ्या नवऱ्याबरोबर मुकी राहून जाते. तिला कोणीच काही विचारत नाही. ‘दुविधा’त हा शेवट तसाच आहे, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या ‘गोष्ट न येणाऱ्या’ माणसाला.