उपग्रह ज्याचे, विद्या त्याचीच?

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले किंवा इस्रोचं एखादं उड्डाण झालं, की एक मजकूर हटकून फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. उपग्रह दिशादर्शन, म्हणजे सॅटेलाइट नेव्हिगेशन, शिकायचं तर अमेरिकाच गाठावी लागते, कारण जीपीएस त्यांचं. खरी विद्या लष्करी गुपित असल्यामुळे बाहेर येत नाही. बाकीचे देश नुसती नक्कल शिकवतात. भारतात तर या विषयाचं शिक्षणच नाही. शिकायचं म्हटलं तरी यंत्रांना लाखो रुपये लागतात. आणि शेवटची ओळ: मोबाइल रस्ता दाखवतोच, मग यात शिकायचं काय?

पहिली गंमत ही, की एकाच मजकुरात ही विद्या कुणाला मिळू नये इतकी गुप्तही आहे आणि शिकायची गरज पडू नये इतकी सोपीही. पण मुलं हे वाचून शाखा निवडतात, म्हणून हसून सोडून देववत नाही. मी मोजणीच्या कामातला माणूस, दिवसभर रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन रानात. एकेक मुद्दा घेतो.

"जीपीएस अमेरिकेचं, म्हणून शिकायचं अमेरिकेतच."

या विद्येचा जन्मच दुसऱ्याचा उपग्रह ऐकण्यातून झाला. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण त्याची 'बीप बीप' रेडिओवर ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना सूर चढलेला, लांब जाताना उतरलेला; फाटकावरून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा. त्या चढउतारावरून दोघांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल, तर ऐकणारा कुठे उभा आहे हे काढता येईल का? त्यातून अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट यंत्रणा उभी राहिली, आणि १९७८ मध्ये जीपीएसचा पहिला उपग्रह वर गेला. मजकुराच्या हिशेबाने गायर-वायफेनबाखना शिकायला मॉस्कोला जावं लागलं असतं.

कॅनडाकडे स्वतःचा एकही दिशादर्शक उपग्रह नाही. तरी कॅल्गरी आणि न्यू ब्रन्सविक ही विद्यापीठं या विषयात जगभर नाव राखून आहेत, कारण अफाट, विरळ वस्तीचा देश मोजायचा म्हणून तिथे सर्वेक्षणाचं शिक्षण आधीपासून भक्कम होतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचं उदाहरण तर रोज माझ्या हातात असतं. रोव्हरच्या पडद्यावर 'फिक्स' हा शब्द येतो ना, त्यामागे एक कोडं सुटलेलं असतं. उपग्रहाच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. उपग्रहापासून यंत्रापर्यंत अशा किती पूर्ण लहरी मावल्या, हे नेमकं कळलं तर जागा सेंटिमीटरपर्यंत मिळते. ते मोजण्याची लॅम्डा नावाची पद्धत पीटर टेउनिसेन यांनी १९९० च्या दशकात डेल्फ्टमध्ये बसवली. तेव्हा युरोपचा स्वतःचा दिशादर्शक उपग्रह आकाशात नव्हता.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं महत्त्व मी नाकारत नाही. जीपीएसच्या उभारणीचे प्रमुख ब्रॅडफर्ड पार्किन्सन पुढे तिथेच शिकवत होते. पण 'तिथेही शिकता येतं' आणि 'तिथेच शिकता येतं' यांत फरक आहे.

"खरी विद्या लष्करी गुपित आहे."

लष्करासाठीचे सांकेतिक संदेश गुप्त आहेत, हे खरं. नागरी संदेश कसा बांधलेला असतो, त्यात घड्याळाची चूक कुठे आणि कक्षेचे आकडे कुठे लिहिलेले असतात, हे सांगणारी कागदपत्रं मात्र जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू आणि आपलं नाविक, सगळ्यांनी उघड ठेवली आहेत. नाविकचा असा दस्तऐवज इस्रोने २०१४ मध्येच प्रसिद्ध केला.

आणि लपवलं तरी टिकत नाही. गॅलिलिओचा पहिला चाचणी उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये गेला, तेव्हा त्याचे सांकेतिक क्रम जाहीर नव्हते. कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी २००६ मध्ये अँटेना लावून, नुसतं ऐकून ते काढले. पुढच्या वर्षी चीनच्या उपग्रहाबाबत स्टॅनफर्डने तेच केलं. त्याहून मजेदार प्रकार अमेरिकेतच झाला होता. मे २००० पर्यंत तिथलं संरक्षण खातं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, आणि त्याच देशाचं तटरक्षक दल किनाऱ्यावर केंद्रं बसवून ती चूक वजा करून जहाजांना देत असे. एका हाताने मीठ टाकायचं, दुसऱ्याने काढायचं. त्या वजाबाकीचं तत्त्व आज पाठ्यपुस्तकातला साधा धडा आहे.



"बाकीचे देश नक्कल शिकवतात."

हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण प्रत्येक ठिकाणची शाळा तिथल्या अडचणीतून उभी राहिली आहे. फ्रान्समध्ये तुलूझची एनाक ही नागरी विमानवाहतुकीची संस्था. तिथला विद्यार्थी पहिल्या दिवसापासून विचारतो की संदेश चुकला तर वैमानिकाला किती सेकंदांत कळेल. जपानमध्ये हा विषय जोरात शिकवणाऱ्यांत टोकियोचं सागरी विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, जहाजांचं. तिथल्या तोमोजी ताकासू यांनी लिहिलेलं आरटीकेलिब हे उपग्रहांच्या मोजमापांवरून जागा काढणारं मोफत सॉफ्टवेअर आज जगभरातले विद्यार्थी वापरतात. उंच इमारतींच्या गल्लीत आकाशाची चिंधीच दिसते, म्हणून जपानने आपले उपग्रह अशा कक्षेत ठेवले की एखादा तरी जवळजवळ डोक्यावर असावा. चीनमध्ये वुहानचा दबदबा रॉकेटांमुळे आलेला नाही. १९५६ साली तिथे सुरू झालेल्या नकाशे आणि मोजणीच्या संस्थेची ती पुण्याई.

आता आपल्याकडची अडचण. उपग्रहाचा संदेश खाली येताना आयनोस्फिअर या विद्युतभारित थरातून येतो आणि रेंगाळतो. अंतर काढतात ते संदेशाला लागलेल्या वेळावरून, म्हणून सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटर, आणि या थरामुळे पडणारा फरक काही मीटरांपासून वाईट दिवशी दहा-वीस मीटरांच्याही पुढे जातो. युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच भागावर हा थर त्या मानाने शांत असतो. आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकावरून जातं. तिथे दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना खाली उतरतात. उत्तरेकडचा ढीग अहमदाबाद, भोपाळच्या पट्ट्यात पडतो, आणि महाराष्ट्र या चढणीवर बसलेला आहे. सूर्यास्तानंतर या थरात पोकळ बुडबुडे उठतात. सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हातातलं चांगलं यंत्र एकेक उपग्रह सोडायला लागतं. नवखा पोरगा बॅटरी बदलतो, केबल हलवून बघतो. दोष डोक्यावर शेकडो किलोमीटरवर असतो.

विमानांसाठीची गगन यंत्रणा उभारताना हेच आडवं आलं. अमेरिकेची अशीच 'वास' (WAAS) यंत्रणा २००३ मध्ये सुरू झाली होती, पण तिच्यातलं एका पातळ थराचं गणित इथल्या आकाशाला पुरेना. इस्रोला अनेक थरांचं स्वतःचं प्रारूप करावं लागलं, आणि २०१५ मध्ये गगनला उतरणाऱ्या विमानांना उंचीसह मार्गदर्शन करण्याची मान्यता मिळाली. नक्कल करून हे झालं नसतं, कारण नक्कल करायला समोर उत्तरच नव्हतं. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत या थराचा अभ्यास चालतो. इटलीतल्या त्रिएस्तच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या संस्थेने आफ्रिकी अभ्यासकांसाठी याच विषयाच्या कार्यशाळा घेतल्या, कारण नायजेरियावरचं आकाशही आपल्यासारखंच खोडकर आहे. हा धडा विषुववृत्ताजवळच नीट शिकता येतो, कारण प्रयोगशाळा डोक्यावर असते.

"भारतात याचं शिक्षणच नाही."

अंतराळ विज्ञानाच्या शिक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांशी संलग्न प्रादेशिक केंद्रं आहेत: भारत, नायजेरिया, मोरोक्को, ब्राझील-मेक्सिको, जॉर्डन आणि चीन. त्यांत सर्वांत आधीचं भारतातलं, १९९५ चं. मुख्यालय डेहराडूनला, आणि उपग्रह दिशादर्शनाचा नऊ महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये. आशियातल्या अनेक देशांचे लोक तिथे शिकायला येतात. या विषयात काय शिकवावं याचा आराखडा संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, तो कुणीही उघडून वाचावा. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात या क्षेत्राचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र १९८० च्या दशकापासून आहे, भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्थाही त्याच शहरात. डेहराडूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे इस्रोच्या सुदूर संवेदन संस्थेचे, ऑनलाइन वर्ग घरबसल्या करता येतात.

इथे मजकूर लिहिणाऱ्याचा एक मुद्दा मान्य करतो, कारण त्याच्या तक्रारीत तथ्य आहे. अहमदाबादच्या जागा थोड्या आणि त्या मुख्यत्वे नोकरीतल्या लोकांसाठी. आपल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय सर्वेक्षणाच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण असतो आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकला जातो. नाविकचीही अवस्था सांगायला हवी: अनेक उपग्रहांतली आयात केलेली आण्विक घड्याळं बंद पडली, मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ या नव्या उपग्रहाबरोबर देशी घड्याळ गेलं, आणि जानेवारी २०२५ मधला त्याचा पुढचा उपग्रह एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण यंत्रणा आजारी असणं आणि विद्या नसणं या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत.

"लाखोंची यंत्रं लागतात."

सेंटिमीटरच्या कामाला लागतात. शिकायला? अँड्रॉइड ७ पासून बऱ्याच फोनमधून उपग्रहांची कच्ची मोजमापं बाहेर काढता येतात. उपग्रहांचे संदेश सतत नोंदवणाऱ्या आयजीएस या जागतिक जाळ्याच्या शेकडो केंद्रांची माहिती फुकट उतरवता येते. बंगळुरू आणि हैदराबादची केंद्रं त्यात आहेत. आरटीकेलिब आहे, बार्सिलोनात तयार झालेलं तसंच जीलॅब हे सॉफ्टवेअर आहे. जुना लॅपटॉप पुरतो.

"मोबाइल आहे, मग शिकायचं काय?"

गिरगाव चौपाटीवर चांगला रिसिव्हर उभा करा आणि कच्ची उंची बघा. समुद्र पायाशी, आणि आकडा येईल उणे साठ-सत्तर मीटर. यंत्र बिघडलेलं नसतं. ते पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतं, आणि समुद्राची खरी पातळी गुरुत्वाकर्षण ठरवतं. जगातला सर्वांत मोठा गुरुत्वीय खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, शंभर मीटरहून खोल, आणि त्याच्या उतारावर आपण राहतो. मोबाइल ही दुरुस्ती बहुधा गुपचूप करून देतो, म्हणून कळत नाही. कालव्याचा उतार आखणाऱ्याने ती विसरली, तर पाणी कागदावर वाहील, चरात नाही.

जुन्या टोपोशीटचंही, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या नकाशांचंही, तसंच. त्या १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर काढलेल्या, जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्याच लंबगोलावर. तेच अक्षांश-रेखांश एकावरून दुसऱ्यावर तसेच टाकले, तर जागा शंभरेक मीटर सरकते. एवढ्यात एखाद्याचं अख्खं शेत शेजाऱ्याच्या गटात जाईल.

समुद्रावरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या जहाजांना जीपीएसने आपण गेलेंजिकच्या विमानतळावर आहोत असं दाखवलं. कुणीतरी खोटे संदेश सोडले होते. खलाशांनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणून कळलं. अमेरिकी नौदल अकादमीने ताऱ्यांवरून दिशा काढण्याचं शिक्षण १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद केलं होतं, ते २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. म्हणजे ज्या देशाचं जीपीएस, त्याच देशाने ताऱ्यांचा कोन मोजणारा सेक्स्टंट कपाटातून परत काढला.

आणि आमचं रोजचं काम. बांधाला आंब्याचं मोठं झाड असलं, शेजारी पत्र्याची शेड असली, की संदेश आपटून येतात आणि लहरींचं कोडं चुकीचं सुटतं. पडद्यावर 'फिक्स' दिसतं, हिरवं, ऐटीत. आकडा अर्धा मीटर चुकलेला असतो, आणि अर्ध्या मीटरवरून भाऊबंदकी दोन पिढ्या कोर्टात जाते. शेतकरी विचारतो, "साहेब, उपग्रहाचं मशीन आहे म्हणजे चुकत नसेल ना?"

मी रोव्हर बंद करतो आणि त्याच्याबरोबर झाडाखाली बसतो. अर्ध्या तासात वरचे उपग्रह जागा बदलतात. मग यंत्र नव्याने सुरू करून तोच बिंदू पुन्हा घेतो. दोन्ही आकडे जुळले, तरच खुणेचा दगड रोवायला सांगतो.