दुसरी सर्व्हिस

टेनिसमध्ये पहिली सर्व्हिस चुकली तर काहीही बिघडत नाही. ती चुकण्यासाठीच असते, असं आमच्या सकाळच्या डबल्समध्ये सगळे धरून चालतात. माणूस गुडघे वाकवतो, पाठीचा मणका परवानगी देईल तेवढा मागे झुकतो, टीव्हीवर पाहिलेलं सगळं करतो आणि बॉल नेटच्या पांढऱ्या पट्टीत असा घुसतो की पट्टी दोन सेकंद थरथरत राहते. पलीकडून कोणीतरी म्हणतं, "आत पडली असती तर संपलंच होतं." ह्या एका वाक्याच्या बळावर पुण्यात हजारो रॅकेटा विकल्या गेल्या असतील.

खरा प्रसंग पुढे असतो: दुसरी सर्व्हिस. तीही चुकली की डबल फॉल्ट, म्हणजे पॉइंट समोरच्याला.

आता समोरचा दोन पावलं पुढे येतो. चोरून नाही, दाखवून. वाढपी जिलबीचं ताट घेऊन निघाला की पंगतीतला माणूस जसा सरसावून बसतो, तसा. नेटजवळ उभा असलेला आपला पार्टनर, ज्याची पाठ आपल्याकडे आहे, तो रॅकेट हळूच डोक्यामागे नेतो. पार्टनरचा आपल्यावर किती विश्वास आहे हे विचारायची गरज नसते. रॅकेट छातीसमोर असेल तर आहे, कवटीमागे असेल तर नाही.

आणि नेमका ह्याच वेळी शोध लागतो की दुसरा बॉल आपल्याकडे नाहीच. दोन बॉल घेतल्याशिवाय सर्व्हिसला उभं राहू नये, इतका साधा नियम आहे. पण एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात गाडीची किल्ली, त्यामुळे दुसरा बॉल समोरच्या कुंपणापाशी पडलेला असतो. तो आणायला साठीचे काका निघतात. ते धावत नाहीत. त्यांचा गुडघा डॉक्टरांनी फक्त पॉइंटसाठी राखून ठेवला आहे. ते बॉलपर्यंत जातात, रॅकेटने तो उचलायचा प्रयत्न तीनदा करतात, शेवटी वाकतात, आणि तोपर्यंत सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा थंड होऊन त्याला स्वतःची सगळी पापं आठवलेली असतात. मध्ये शेजारच्या कोर्टातून "थँक्यू!" अशी हाक येऊन एखादा बॉल घरंगळत आला तर मात्र नशीब. बाहेरून व्यत्यय आला की समोरच्याने "टेक टू" म्हणायचा रिवाज आहे, म्हणजे पुन्हा पहिली सर्व्हिस. शेजाऱ्यांच्या बॉलची इतक्या आतुरतेने वाट पाहणारी माणसं टेनिसशिवाय कुठे सापडायची नाहीत.

दुसरी सर्व्हिस का चुकते, ह्याचं उत्तर आमच्यातले सगळे "टेन्शन" असं देतात. टेन्शन आहेच, पण त्याच्याही आधी भूमिती आहे. बेसलाइनपासून, म्हणजे जिथून सर्व्हिस करतात त्या मागच्या रेषेपासून, नेट 11.885 मीटर, नेटपासून पलीकडची सर्व्हिस लाइन, जिच्या आत बॉल पडावा लागतो, 6.40 मीटर, आणि नेटची मधली उंची 91.4 सेंटिमीटर. शाळेतले समरूप त्रिकोण आठवा. बॉलने अगदी सरळ रेषेत जाऊन, नेटला चाटून, बरोबर लाइनवर पडायचं असेल, तर तो किमान 2.61 मीटर उंचीवर मारला गेला पाहिजे. बॉलची स्वतःची जाडी धरली तर 2.64. साडेपाच फुटी माणूस टाचा उचलून, हात ताणून, रॅकेटच्या मधोमध बॉल घेतो तेव्हा ती उंची अडीच मीटरच्या आसपास भरते. म्हणजे नाकासमोर चालणाऱ्या बॉलला आपल्या उंचीत जागाच नाही. त्याने नेटवरून जाऊन मग खाली वळायलाच हवं, आणि वळवणारे दोघेच: गुरुत्वाकर्षण आणि टॉपस्पिन, म्हणजे बॉलला दिलेली पुढच्या दिशेची फिरकी. पहिलं फुकट मिळतं, पण बॉल हळू गेला तरच त्याला काम करायला वेळ मिळतो. दुसरं शिकावं लागतं.

तात्पर्य एवढंच निघतं की सर्व्हिस वरच्या दिशेने मारायची असते. आमच्यात सगळे ती जमिनीत खुंटी ठोकल्यासारखी खाली मारतात.

ह्याला कारण पकड. दहापैकी आठ जण सर्व्हिसला रॅकेट उलथनं धरल्यासारखी धरतात, जाळी समोर, तळवा मागे. दिसायला सरळ, समजायला सोपी. पण ह्या पकडीत हात खालून वर नेला की रॅकेटचं तोंड आकाशाकडे होतं आणि बॉल मागच्या कुंपणावर जातो. दोनदा तसं झालं की हात शहाणा होतो आणि मनगट आपसूक खाली दाबायला लागतो, म्हणजे नेट. कुंपण आणि नेट ह्यांच्यामध्ये एक कोर्टही आहे, हे ह्या पकडीला माहीतच नसतं. बरोबर पकड हातोडीची: रॅकेटच्या कडेने खिळा ठोकायचा असेल तर धराल तशी. हिला कॉन्टिनेन्टल म्हणतात. ती घेऊन सर्व्हिस केली की उजव्या हाताच्या माणसाचा बॉल पहिले दोन आठवडे डावीकडे, थेट शेजारच्या कोर्टात जातो, कारण फटक्याच्या क्षणी हाताचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूला फिरवायची सवय नसते. ह्या दोन आठवड्यांत शेजारचे "थँक्यू" म्हणायचे थांबतात. तिसऱ्या आठवड्यात बॉल सर्व्हिसच्या चौकोनात पडायला लागला असता. पण बहुतेक जण बाराव्या दिवशी उलथन्याकडे परत येतात.

पकड बसली की स्पिन. समोर एक मोठं घड्याळ आहे असं समजा आणि त्याच्या सातच्या आकड्यापासून एकच्या आकड्याकडे बॉलच्या पाठीवरून रॅकेट घासत न्या. मारायचं नाही, घासायचं. नेटच्या वर दोन-तीन फूट जागा सोडून बॉल गेला पाहिजे. हे डोळ्यांना इतकं भयंकर दिसतं की बॉल बाहेरच चालला अशी खात्री पटते आणि हात शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो. इथेच सगळं फसतं. हात हळू झाला की स्पिन जातो, स्पिन गेला की बॉल खाली वळत नाही, आणि मग तो एक तर लांब जातो नाही तर नेटमध्ये रुजतो. दुसऱ्या सर्व्हिसला हात पहिल्याइतक्याच जोरात फिरायला हवा. तो जोर फक्त पुढे न जाता फिरकीत जातो. आम्ही उलट करतो. पहिली देवाच्या भरवशावर आणि दुसरी पेपरवेट ठेवल्यासारखी.

टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर टाकणं, हा तर स्वतंत्र विषय. बॉल बोटांच्या टोकांवर धरायचा, तळहातात नाही; हात कोपरात न वाकवता खांद्यापासून उचलायचा; डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर गेल्यावर सोडायचा. मारला नाही तर बॉल पुढच्या पायाच्या फूटभर पुढे, कोर्टाच्या आत पडला पाहिजे. घरी भिंतीशेजारी उभं राहून हे दहा मिनिटांत तपासता येतं, फक्त पंखा बंद ठेवावा. प्रत्यक्षात आमचा टॉस कधी डोक्यामागे, कधी पार्टनरच्या दिशेने, कधी नैवेद्य दाखवल्यासारखा जेमतेम नाकापर्यंत. ह्यात गंमत अशी की वाईट टॉस मारायचं कुठलंही बंधन नाही. रॅकेट फिरवली नाही तर बॉल झेलून पुन्हा टॉस करता येतो, फॉल्ट होत नाही. (फिरवून बॉल लागलाच नाही, तर मात्र होतो.) पण टॉस झेलणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात. चुकीच्या टॉसच्या मागे माणूस कमरेतून वळतो, एका पायावर जातो, मानेची शीर ताणतो आणि तो बॉल मारतोच. वर टाकलेला शब्द आणि वर टाकलेला बॉल परत घ्यायचा नाही, असा काहीसा बाणा असावा.

2018 पासून काही वर्षं पुण्यात बालेवाडीला एटीपीची, म्हणजे पुरुष व्यावसायिक खेळाडूंची, स्पर्धा भरायची. ती पाहून आलेल्यांच्या टॉसमध्ये फरक पडला नाही, पण टॉसच्या आधी बॉल आपटण्याची संख्या तीनवरून अकरावर गेली.

उन्हाची तक्रार मात्र खरी असते. कोर्ट बहुधा उत्तर-दक्षिण आखलेलं असतं. सकाळी उत्तरेकडे तोंड करून सर्व्हिस करणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाला टॉससाठी वर आणि किंचित उजवीकडे बघावं लागतं, आणि तिथे पूर्वेला सूर्य आधीच येऊन बसलेला असतो. डावखुऱ्याला तीच बाजू सावलीसारखी. आणि फार थोड्यांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे, डबल्समध्ये सर्व्हिसचा क्रम आणि बाजू बदलण्याचा नियम असा जुळलेला आहे की अख्ख्या सेटमध्ये प्रत्येक जण एकाच टोकाकडून सर्व्हिस करतो. ज्याच्या वाट्याला ऊन आलं, त्याला सेटभर ऊनच. तेव्हा डावखुरा पार्टनर असेल तर त्याला कोणत्या टोकाला घालायचं हे पहिल्या गेमच्या आधी ठरवायला हवं. आमच्यात तेव्हा नवीन बॉलचा डबा कोणी काढायचा ह्यावर चर्चा चालू असते.

नेटची तक्रार निम्मी खरी. "आज नेट वर आहे" हे वाक्य दुसऱ्या डबल फॉल्टनंतर येतं, पहिल्यानंतर नाही. तपासायला एक रॅकेट नेटच्या मध्यावर उभी करायची आणि तिच्या डोक्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवायचं. 27 इंच लांबी आणि नऊ-साडेनऊ इंच रुंदी, म्हणजे तीन फूट, इंच-अर्धा इंच इकडेतिकडे. मधला पट्टा सैल असेल तर नेट खरंच चार बोटं वर सापडतं. मग ते खाली केलं जातं आणि पुढची सर्व्हिस लांब जाते.

सल्ल्यांचं काय सांगावं? दोन सर्व्हिसच्या मधल्या दहा सेकंदांत "खांदा सैल सोड", "गुडघे वाकव", "डोकं वर ठेव", "श्वास सोड" अशा चार सूचना येतात, त्यातल्या दोन समोरच्या टीमकडून. सर्वांत घातक सूचना म्हणजे "फक्त आत टाक." प्रेमाने दिलेली. ती ऐकली की हात आखडतो, वजन मागच्या पायावर राहतं, बॉल वाळूच्या पोत्यासारखा निघतो आणि नेटच्या पायथ्याशी जाऊन विसावतो. मग पार्टनर म्हणतो, "नो प्रॉब्लेम." हे तो तीन सुरांत म्हणू शकतो. पहिल्या सुरात खरंच प्रॉब्लेम नसतो. तिसऱ्या सुरानंतर तो पुढच्या शनिवारी दुसरा पार्टनर बघतो.

सरावाने जमेल, हे खरं. पण हिशोब बघा. 6-4 चा सेट म्हणजे दहा गेम, चौघांत वाटून प्रत्येकाला दोन किंवा तीन सर्व्हिस गेम. गेमला सहा पॉइंट धरले आणि निम्म्या पहिल्या सर्व्हिस चुकल्या, तर दुसरी सर्व्हिस करायची वेळ सेटमध्ये सात-आठदा येते. दीड तासात दोन सेट झाले तर पंधरा. सकाळी पंधरा पोळ्या लाटून कोणाची पोळी गोल झाली आहे? त्यातून त्या पंधराही भीतीने लाटलेल्या. खरा सराव म्हणजे चाळीस-पन्नास जुने बॉल टोपलीत घेऊन एकट्याने उभं राहणं: आधी सर्व्हिस लाइनवरून, मग अर्ध्या वाटेवरून, मग बेसलाइनवरून. गुडघ्यावर बसून सर्व्हिस करायचा एक उत्तम प्रकार कोच सांगतात. बसल्यावर बॉल नेटपलीकडे जायला वरच मारावा लागतो, खाली दाबायची सोय राहत नाही. फक्त लाल मातीच्या रिकाम्या कोर्टावर सकाळी सहाला एक मध्यमवयीन गृहस्थ गुडघा टेकून, वर बघत, हातात बॉल घेऊन बसलेला दिसला की पाणी मारायला आलेला माळी विचारतो, "साहेब, बरं वाटत नाही का?" तिथे तो सराव संपतो.

शेवटचा उपाय अंडरआर्म. नियमात पूर्ण बसतो. 1989 च्या फ्रेंच ओपनमध्ये सतरा वर्षांच्या मायकल चँगने पायात गोळे आलेले असताना तेव्हाच्या अव्वल क्रमांकाच्या लेंडलसमोर तशी सर्व्हिस करून पॉइंट काढला, आणि पुढे स्पर्धाही जिंकली. 2022 च्या सुरुवातीला आरिना साबालेन्काची सर्व्हिस इतकी बिघडली होती की तीही अंडरआर्म करून बघत होती. पुढच्या वर्षी तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. ही उदाहरणं आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहेत आणि कोणीही अंडरआर्म करत नाही. एका गेमला चार डबल फॉल्ट चालतात, पण "खालून टाकली" हे चहाच्या टेबलावर ऐकून घ्यायची तयारी नसते.

राहिला स्कोअर. सर्व्हिस करणाऱ्याने तो दर पॉइंटला मोठ्याने सांगायचा असतो: 15, 30, 40, आणि दोन्ही बाजूंचे 40 झाले की डूस. आम्ही पहिल्या पॉइंटला सांगतो, मग विसरतो. 30-15 की 15-30 ह्यावर चौघे नेटपाशी जमतात आणि मागचे पॉइंट एकेक करून उकरले जातात. एक सोपी खूण आहे. झालेल्या पॉइंटची बेरीज सम असेल तर सर्व्हिस उजव्या बाजूने, विषम असेल तर डावीकडून. उजवीकडे उभे असाल तर 30-15 किंवा 15-30 असूच शकत नाही. 15-15, 30-0 नाही तर 40-15 च्या आसपास शोधा. इतकं सांगूनही निम्मे वाद तसेच राहतात, कारण आपण कुठल्या बाजूला उभे होतो हेही कोणाला आठवत नाही.

असा हा चौघांचा स्मृतिभ्रंश सेटभर टिकतो. फक्त एका क्षणी तो उतरतो. 40-30 असावं बहुतेक, आपली सर्व्हिस, पहिली गेलेली. दुसरा बॉल नेटला लागतो, पट्टीवर क्षणभर घुटमळतो आणि आपल्याच बाजूला टपकन पडतो. समोरचे दोघे, आपला पार्टनर आणि शेजारच्या कोर्टातले काका, सगळे एका सुरात, पूर्ण खात्रीने सांगतात:

"डूस!"