पोपडे लंडनचे आणि गडकरीचे

नौपाड्याच्या वाचकताई, सप्रेम नमस्कार.

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस थिएटरचे उडालेले रंग आणि पोपडे मुद्दाम तसेच जपलेत आणि तिकीट काढून गाइडबरोबर ते बघता येतात, असा आमचा लेख होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत, की पोपडे बघायला पौंड कशाला मोजायचे? रंगाला पैसे उरले नाहीत, म्हणून ‘जपणूक’ हे गोंडस नाव. आणि हेच आपल्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये दिसलं असतं, तर आम्हीच महापालिकेला धारेवर धरलं असतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. धरलंच असतं. गडकरी १९७८चं, आरसीसीचं, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचं. तिथे पोपडा सुटला, तर पाणी सळईपर्यंत पोचल्याची शंका आधी घ्यायची. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. त्यावर नुसता रंग म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

अलेक्झांड्रा पॅलेसचं थिएटर १८७५चं. पुढे बीबीसीने ते सामान ठेवायला वापरलं, आणि सुमारे ८० वर्षांनी, २०१८मध्ये, ते प्रेक्षकांना पुन्हा खुलं झालं. थिएटर आणि पूर्वेकडचा भाग मिळून खर्च सुमारे २.७ कोटी पौंड. तेव्हा रंगाचा डबा परवडला नाही, असं काही नाही.

पैसा जातो तो न दिसणाऱ्या बाजूला. जुन्या छतांत गिलावा लाकडी पट्ट्यांच्या फटींतून वर सरकून आकड्यासारखा वळतो. हे आकडे हीच त्याची पकड. ओल आणि हादऱ्यांनी ते तुटले, की गिलावा नुसता नशिबावर टांगलेला. दुरुस्ती करताना खालून टेकू देतात, माळ्यावरची धूळ शोषून घेतात आणि वरून चिकटद्रव्य सोडून गिलावा पुन्हा पट्ट्यांना बांधतात. हे नीट झालं, की खालचा रंग उडालेला असला तरी बिघडत नाही.

उलट उदाहरण लंडनमध्येच आहे. १९०१च्या अपोलो थिएटरचं छत १९ डिसेंबर २०१३ला भर प्रयोगात कोसळलं, सत्तरहून अधिक लोक जखमी झाले. छत वर बांधून धरणारे गोणपाट-प्लास्टरचे बंध वर्षानुवर्षं कुजत गेले होते. प्रेक्षकाला खुर्चीवरून ते दिसणार कसं?

आता पौंडांचं. लेखात आम्ही ‘वातावरण’ या शब्दावर वेळ मारून नेली, ही चूक कबूल. बघायचं ते रंगमंचाखाली आहे. तिथली व्हिक्टोरियन लाकडी यंत्रणा बरीचशी शाबूत आहे. त्या काळच्या यंत्रणांतला ढोल समजून घ्या: एकाच आसावर मोठा ढोल आणि कमी-जास्त जाडीचे दांडे. ढोलावरचा एक दोर ओढला, की सगळे दांडे एकदम फिरतात; जाड दांड्यावरचं नेपथ्य भरभर सरकतं, बारीक दांड्यावरचं हळू. एका माणसाच्या ओढीत अख्खा देखावा पालटायचा. वजनाच्या तोलावर नट खालून वर फेकणारे सापळे, म्हणजे रंगमंचाच्या जमिनीतल्या झडपा, याही त्याच काळातल्या. गाइडला दोराची वाट बोटाने दाखवायला सांगा. नुसतं ऐकून डोक्यात शिरत नाही.

छताकडे बघायचं ते बाल्कनीखालून, मान तिरकी करून. तपकिरी कडेचं कोरडं वर्तुळ म्हणजे जुनी गळती. गडद, ओलसर डाग दिसला तर मात्र तुमची शंका रास्त.

वुड ग्रीन स्टेशनवरून डब्ल्यू-३ बस थेट वर जाते. तिकीट काढण्याआधी एवढंच विचारा: ‘स्टेजखाली नेणार का?’ प्रयोगाची उभारणी चालू असली, की नाट्यगृहं खालचा भाग सहसा बंद ठेवतात, आणि मग तुमचे पौंड खरोखरच पोपड्यांवर जातील.