गिअर वाफवायला निघालेल्यांसाठी

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, आता भाच्यानेही पाठवला आणि वर विचारतोय, "मामा, तुमचा जुना कुकर देता का?" म्हणून हे लिहायला बसलो. फॉरवर्डचं म्हणणं असं की थ्रीडी प्रिंट केलेला कुठलाही पार्ट कुकरमध्ये अ‍ॅसिटोन घालून मंद गॅसवर वाफवा, गुळगुळीत होतो, वरून डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे) मारा, घर्षण शून्य, झीज बंद, बेअरिंगचा खर्च वाचला.

आधी कुकर. अरे बाबांनो, ते अ‍ॅसिटोन आहे, पाणी नाही! ५६ अंशाला उकळतं, पण पेटायला तेवढंही तापावं लागत नाही, उणे २० अंशाच्या आसपाससुद्धा त्याची वाफ ठिणगीने पेटते. ही वाफ हवेच्या दुप्पट जड, खिडकीतून निघून जात नाही, ओट्यावरून सरपटत बर्नरपाशी येते आणि हवेत अडीच टक्के झाली तरी पेटायला पुरते. ज्याने हे लिहिलंय त्याने स्वतः केलेलं नाही, पैज लावतो. ज्यांना खरंच करायचं असतं ते झाकणाच्या डब्यात टिश्यूला थोडं अ‍ॅसिटोन लावून हवेशीर जागी ठेवून देतात, काहीही न तापवता.

आणि "कुठलाही पार्ट"? प्रिंटिंगच्या प्लास्टिकांपैकी एबीएस, एएसए अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात म्हणून गुळगुळीत होतात. भाच्याचे गिअर पीएलए नावाच्या दुसऱ्याच प्लास्टिकचे! ते फार तर फुगून मऊ पडतील. पीईटीजी, नायलॉनचं तर नावच नको.

गुळगुळीत म्हणजे कमी घर्षण, हे अर्धं खरं, मान्य. प्रिंटच्या थरांच्या (लेयरच्या) कडा गेल्या की सुरुवातीची झीज कमी होते, पण त्याला वॉटर पेपर पुरतो. अगदी चकचकीत केलेलं प्लास्टिक त्याच प्लास्टिकवर घासलं तर उलट चिकटायला लागतं, गरम होतं, आणि पीएलए ६० अंशालाच ढिलं पडतं. शून्य घर्षण वगैरे सोडा, टेफ्लॉनचंही शून्य नसतं.

डब्ल्यूडी-४० बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की पॉलिकार्बोनेट आणि पारदर्शक पॉलिस्टायरीनवर ते वापरू नका. बाकी प्लास्टिकवर चालेल, पण त्यातलं बरंचसं उडून जातं, मागे उरतं ते पातळसं तेल. सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे, तोही घासून जातो, परत मारावा लागतो.

बेअरिंग वाचवायचं म्हणे. जिथे शाफ्ट सतत फिरतो तिथे साधं ६०८ नंबरचं बेअरिंग बसवा, आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी, स्केटिंगच्या चाकात असतं तेच.