सिड बॅरेट १९६८ मध्ये संपला नव्हता

दर जुलैत एक गोष्ट फिरत येते. यंदा मला ती तीन जणांकडून आली. थोडक्यात अशी: ‘पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा संस्थापक सिड बॅरेट यानं एका रात्री एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ जरा जास्त घेतला आणि सकाळी उठला तो वेडा होऊनच. मित्रांनी त्याला हाकलून दिलं. पुढची ३५ वर्षं तो आईच्या घरी अंधाऱ्या खोलीत पडून राहिला. पण अशी प्रतिभा वेडाशिवाय येत नाही. २००६ मध्ये त्याच्या आत्म्याला अखेर शांती मिळाली.’

पाठवणाऱ्यांचं या संगीतावर प्रेम आहे, हे मला ठाऊक आहे. तरी हे वाचून मला दर वेळी त्रास होतो. माझ्या मावसभावाला स्किझोफ्रेनिया आहे. ‘अतिअभ्यासानं डोक्यावर परिणाम झाला’ इथपासून ‘कुणीतरी काहीतरी खायला घातलं असेल’ इथपर्यंत सगळं मावशीनं वीस वर्षं ऐकून घेतलंय. एक कारण हाती लागलं की सांगणारा मोकळा होतो. ज्याचं आयुष्य असतं त्याला ते पुढं जगायचं असतं.

तर, ‘एका रात्री’. अशी रात्र कुणालाच दाखवता येत नाही. १९६७ साली सिड २१ वर्षांचा होता. त्याचं ‘सी एमिली प्ले’ हे गाणं जूनमध्ये आलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच सुमारास, त्याच्या डोळ्यांत काही उरलेलं नाही, हे क्लबमध्ये भेटणाऱ्यांना जाणवू लागलं होतं. ऑगस्टमध्ये थकव्याचं कारण देऊन कार्यक्रम रद्द झाले. नोव्हेंबरात अमेरिकेच्या दौऱ्यावर पॅट बून या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात प्रश्नाला उत्तर न देता तो नुसता बघत राहिला आणि दौराच आवरता घ्यावा लागला. म्हणजे निदान सहा महिने एक मुलगा सगळ्यांदेखत घसरत होता. त्या सहा महिन्यांतही जवळजवळ रोज गाडीत बसून कुठल्या ना कुठल्या गावी वाजवायला जायचं होतं, आणि रेकॉर्ड कंपनीला पुढचं हिट गाणं हवं होतं. ‘एक रात्र’ म्हटलं की हे सगळे महिने पुसले जातात, आणि त्याला थांबवून डॉक्टरकडे न नेणाऱ्यांची जबाबदारीही.

‘एलएसडीमुळेच.’ त्यानं एलएसडी भरपूर घेतलं, मँड्रॅक्स या झोपेच्या गोळ्याही घेतल्या. त्यांनी त्याचं भलं केलं नाही, हे मी अजिबात नाकारत नाही. पण त्या वर्षी लंडनमध्ये एलएसडी घेणारे पुष्कळ होते आणि त्यांतले बहुतेक असे कोसळले नाहीत. ज्याच्या मनात आधीच कुठं भेग असते, त्याच्यावर असा पदार्थ वेगळा घाव घालतो. त्याच्या जागी बँडमध्ये आलेला डेव्हिड गिलमोर हा त्याचा केंब्रिजमधला शाळकरी वयापासूनचा मित्र. त्याचं मत असं, की हे कोसळणं कधी ना कधी झालंच असतं, ते खोलवरचं होतं, एलएसडीनं फक्त त्याला वेग दिला असावा. बँडमधला सोबती रॉजर वॉटर्स स्किझोफ्रेनिया म्हणतो. सिडची बहीण रोझमेरी हिनं त्याला मनोरुग्ण म्हणायलाच नकार दिला. त्याच्याबद्दल पक्कं निदान कधीच जाहीर झालेलं नाही. सोळावा वाढदिवस महिन्याभरावर असताना, डिसेंबर १९६१ मध्ये, त्याचे वडील कर्करोगानं गेले, तेही या आयुष्यात घडलेलं आहेच. ही सगळी माणसं त्याच्या जवळची होती आणि त्यांचंही एकमत नाही. मग आपण एका ओळीत निकाल लावायचा तो कशाच्या बळावर?

केसांत ब्रिलक्रीम हे केसांचं क्रीम आणि गोळ्यांचा चुरा थापून तो स्टेजवर गेला, ही उपकथाही सोबत येते. ती सांगणाऱ्यांचं आपसात जुळत नाही आणि गिलमोरचाही गोळ्यांच्या भागावर विश्वास नाही. सोडून द्या.

‘मित्रांनी हाकललं’ हे मात्र अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं दुखरं आहे. जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना सिडला घ्यायला जायचं का, असा प्रश्न गाडीत निघाला आणि ‘नको’ असं ठरलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. विशीतल्या पोरांना याहून बरं सुचलं नाही, असं मी समजतो, पण क्रूर ते होतंच. उरलेलं अर्धं या गोष्टीत कधी येत नाही. १९७० मध्ये त्याच्या स्वतःच्या दोन तबकड्या निघाल्या. पहिली रखडली होती ती गिलमोर आणि वॉटर्स यांनी पुरी करून दिली. दुसरी गिलमोर आणि बँडमधलाच रिचर्ड राइट यांनी केली. त्याच्या गाण्यांचे पैसे त्याला मिळत राहतील, याकडे गिलमोरनं पुढंही लक्ष दिलं. ५ जून १९७५ ला, पिंक फ्लॉइडच्या ज्या गाण्यात त्याची आठवण होती त्याचंच काम चालू असताना, तो न कळवता ॲबी रोड स्टुडिओत आला. अंगानं सुटलेला, डोक्याचे आणि भुवयांचेही केस काढलेले. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. ओळख पटली तेव्हा जुन्या सोबत्यांना रडू आवरलं नाही.

आता ती ‘अंधारी खोली’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त बोचतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो केंब्रिजला कायमचा परतला. सिड हे नाव त्यानं टाकलं; त्याचं खरं नाव रॉजर, आणि त्याच नावानं तो राहिला. तो बाग करायचा. फर्निचर स्वतः बनवायचा, बेढब का होईना. सायकलवर दुकानात जायचा. कलेच्या इतिहासावर स्वतःपुरतं लिहायचा. तो मुळात चित्रकलेचा विद्यार्थी. फुलाचा फोटो काढायचा, त्यावरून मोठं चित्र रंगवायचा, चित्राचा फोटो काढून ठेवायचा आणि चित्र नष्ट करायचा. यात काही विचित्र आहे असं मला वाटत नाही. काढताना जे मिळायचं ते मिळालेलं असायचं. २००१ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट बीबीसीवर लागला, तो त्यानं पाहिला. फार गोंगाट आहे म्हणाला. पण माईक लेनर्ड हा लंडनमधला जुना घरमालक पडद्यावर दिसल्याचा त्याला आनंद झाला, त्याला तो आपला गुरू म्हणायचा.

अडचणी होत्या. काही काळ त्याला एका संस्थेत राहावं लागलं, पुढं मधुमेह झाला, माणसांचा त्रास व्हायचा. हा त्रास कोण देत होतं तेही सांगायला हवं. दार वाजवून ‘सिड आहे का?’ विचारणारे चाहते, आणि पिशवी घेऊन निघालेल्या टकल्या गृहस्थाचे चोरून फोटो काढणारे पत्रकार. तो दार उघडत नसे म्हणून त्याला ‘एकांतवासी’ ठरवलं गेलं. रोझमेरीचं म्हणणं होतं, की त्याला तसं म्हणणारे आपलीच निराशा त्याच्यावर लादत होते. आई १९९१ मध्ये गेल्यावर त्याची विचारपूस करणारी, बाजारात सोबत करणारी तीच होती. तिचा शब्द मी कुठल्याही दंतकथेच्या वर ठेवतो.

‘प्रतिभा वेडाशिवाय येत नाही.’ पिंक फ्लॉइडची पहिली तबकडी ऑगस्ट १९६७ मध्ये आली. तिच्यातल्या ११ पैकी ८ गाणी त्याच्या एकट्याची. बहुतेक काम वसंतात झालेलं, तो बरा असताना. गिटारच्या तारांवर लायटर घासून, तो आवाज प्रतिध्वनीच्या यंत्रातून फिरवून पाहायचं, हे शांत डोक्यानं केलेले प्रयोग आहेत. आजारानं त्याला गाणी दिली नाहीत. असलेली हिरावली. बँडच्या दुसऱ्या तबकडीत त्याचं एकच गाणं आहे, आणि १९७४ मध्ये त्याला पुन्हा स्टुडिओत बसवून पाहिलं तेव्हा हाती काही लागलं नाही. माझ्या भावाला ‘हुशार होता ना, म्हणूनच’ असं कुणी म्हणतं तेव्हा मावशी उठून आत जाते.

राहिली २००६ मधली ‘शांती’. ७ जुलैला, साठाव्या वर्षी, तो स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेला. त्याआधी तो अशांत होता, हे पाठवणाऱ्यांनी परस्पर ठरवलं. नोव्हेंबरात केंब्रिजमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला: सायकली, हातानं बनवलेलं फर्निचर, वह्या, आणि नष्ट करायची राहून गेलेली काही चित्रं. एक लाख पौंडांहून जास्त आले. ते तिथल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला गेले.